पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत: कुठल्या टप्प्याला कुठला कागद हातात पाहिजे

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात वकिलांच्या ऑफिसचं काम बघताना रोज एकच गोष्ट दिसते, माणसं वर्षानुवर्षं तारखा करतात पण आपली केस नेमकी कुठं आलीय हे त्यांना सांगता येत नाही. "चालू आहे" एवढंच माहीत असतंय. एफआयआरची कॉपी आहे का विचारलं तर नाही, चार्जशीट मिळालं का विचारलं तर वकिलांकडं असंल. मग भीती पण वाढते आणि पैसे पण जातात, कारण ज्याला काहीच माहीत नाही त्याला कुणीही काहीही सांगतंय. म्हणून हे सगळं एकदा सलग लिहून काढतोय. फौजदारी प्रक्रियेत प्रत्येक टप्प्याला एक कागद तयार होतो, त्यातले बरेचसे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते हातात असले की निम्मं काम तिथंच होतंय. तुम्ही फिर्यादी असा, आरोपी असा नाहीतर साक्षीदार.

आधी थोडं कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून देशात नवे कायदे लागू झालेत, आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. त्यामुळं कलमांचे नंबर बदलले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४), चोरीचं ३७९ आता ३०३(२), साध्या मारहाणीचं ३२३ आता ११५(२), सासरच्या छळाचं ४९८अ आता ८५. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर जुनीच कलमं लागतात, म्हणून आज कोर्टात दोन्ही नंबर ऐकायला मिळतात, त्यात गोंधळून जाऊ नका. तुमच्या कागदावर जे कलम आहे ते एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, कारण गुन्हा दखलपात्र आहे का, जामीनपात्र आहे का, तडजोडीनं मिटतो का आणि कुठल्या कोर्टात चालणार ही चारही उत्तरं त्या एका नंबरावरनं निघतात.

दुसरी गोष्ट, फौजदारी केस तुमची नसते, सरकारची असते. कागदावर "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक" असं लिहिलेलं असतंय. फिर्याद तुम्ही दिली तरी पोलीस केसमध्ये तुम्ही साक्षीदार असता आणि तुमच्या बाजूनं सरकारी वकील उभा असतो, त्याला पैसे द्यायचे नसतात. म्हणूनच "मी केस मागे घेतो" म्हणून केस मागे जात नाही. साधी मारहाण, शिवीगाळ असले काही गुन्हे कोर्टासमोर तडजोड करून मिटतात, लोकअदालतीत पण मिटतात. पण बऱ्याच गुन्ह्यांत दोन्ही पार्ट्या राजी असल्या तरी खालचं कोर्ट मिटवू शकत नाही, त्यासाठी हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, आणि हायकोर्ट पण गुन्हा कसला आहे ते बघूनच ठरवतंय.

पोलीस ठाण्यात

शाहूपुरी असो, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा नाहीतर करवीर, आत गेल्यावर समोर ठाणे अंमलदार बसलेला असतो, त्याला सांगायचं. पहिला प्रश्न येतो हद्दीचा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकून परत यायचं नाही. दखलपात्र गुन्हा असेल तर कुठल्याही ठाण्यात तो शून्य नंबरनं नोंदवता येतो आणि पुढं हद्दीतल्या ठाण्याला पाठवायचं काम पोलिसांचं. समजा निपाणीत गाडी अडवून लुटलं आणि तुम्ही घाबरून थेट कागलला आलाय, तरी कागल ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते, ती पुढं कर्नाटक पोलिसांकडं जाते. ऑनलाईन पण माहिती देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

मग दखलपात्र की अदखलपात्र. दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. चोरी, घरफोडी, दरोडा, बलात्कार, खून, फसवणूक, हत्यारानं मारहाण हे सगळं त्यात. (चोरीत नव्या कायद्यानं एक बदल झालाय, पाच हजाराच्या आतल्या मालाची चोरी आता अदखलपात्रात गेलीय.) अदखलपात्र म्हणजे आपण ज्याला एनसी म्हणतो ते, हातानं केलेली साधी मारहाण, शिवीगाळ वगैरे. एनसी झाली म्हणजे पोलिसांनी नोंद घेतली, तपास नाही. मॅजिस्ट्रेटचा आदेश असल्याशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. लोक एनसीचा कागद घेऊन महिना-महिना वाट बघत बसतात की आता पोलीस काहीतरी करतील. काही होत नाही. तुम्हालाच कोर्टात अर्ज करावा लागतो. पण एका घटनेत चार अदखलपात्र आणि एक जरी दखलपात्र गुन्हा असेल तर सगळी केस दखलपात्र धरतात, हे लक्षात ठेवा.

मारामारीच्या केसमध्ये म्हणून दवाखान्याचा कागद लई महत्त्वाचा. पोलीस यादी, म्हणजे दवाखान्याच्या नावाचं पत्र देऊन तुम्हाला सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात पाठवतात, तिथं तपासणी होते आणि जखमांचा दाखला तयार होतो. डॉक्टरला प्रत्येक जखम दाखवा, मुका मार असला तरी सांगा, दुखत असेल तिथला एक्स-रे मागा. हाड मोडलं किंवा दात पडला की कायद्यानं ती गंभीर दुखापत होते, कलम ११७(२) लागतंय आणि गुन्हा दखलपात्र होतो. रात्री एनसी झाली आणि सकाळी एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं असं होतंय, अशा वेळी तो रिपोर्ट घेऊन लगेच ठाण्यात परत जायचं आणि गुन्हा दाखल करायला सांगायचं.

आता फिर्याद. इथं जरा थांबून लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतंय. तुम्ही घाबरलेले असता, कपाळाला पट्टी असते, रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सोबतची माणसं "दे सही आणि चल" म्हणत असतात. तुम्ही सांगता की अमक्यानं मागनं येऊन काठी घातली, दुसऱ्यानं हात धरले, तिसरा लांब उभा होता. अंमलदार टाईप करतो "सदर इसमांनी संगनमत करून फिर्यादीस लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ व दमदाटी केली". तुम्ही सही करता. तीन-चार वर्षांनी साक्षीला उभं राहता आणि खरं तेच सांगता की काठी घातली. समोरचा वकील उठतो आणि विचारतो, काठीचं पोलिसांना सांगितलं होतं का? हो. मग फिर्यादीत का नाही? तुम्हाला सांगता येत नाही. याला कोर्टात ऑमिशन म्हणतात, आणि असली दोन-तीन ऑमिशन आली की खरी केस पण लुळी पडते. तेव्हा सही करायच्या आधी फिर्याद वाचून दाखवा म्हणा, ते तसं वाचून दाखवायचं कायद्यातच आहे. कोण, कुणी काय केलं, कशानं, कुठं लागलं, कुणी बघितलं, किती वाजता, कुठं, हे तुमच्या शब्दात आलंय का बघा. चुकलं असेल तर दुरुस्त करायला लावा. आणि ठाण्यात यायला उशीर झाला असेल तर त्याचं कारण लिहायला सांगा, आधी दवाखान्यात होतो, घरात म्हातारी एकटी होती, जे खरं असेल ते.

सही झाली की कॉपी मागायची. एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट मिळते, पैसे नाहीत, अर्ज नाही. कॉपीवर गुन्हा रजिस्टर नंबर असतो, आपण गु.र.नं. म्हणतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढं सगळीकडं तोच विचारतात. आरोपीला पण एफआयआर मिळते, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलंय की एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाकायची, लैंगिक गुन्हे वगैरे नाजूक प्रकरणं सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं टाकून शोधता येते.

फिर्याद घेतच नसतील तर? भांडू नका, आवाज चढवू नका, त्यातनं तुमच्यावरच शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा व्हायचा. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की माहितीवरनं दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपीच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची सोय ठेवलीय, तेवढा वेळ ते घेऊ शकतात. त्यापुढं तक्रार लेखी करा, एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोहोच जपून ठेवा. तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं प्रतिज्ञापत्र जोडून कलम १७५(३) खाली अर्ज, जुन्या लोकांच्या भाषेत १५६(३). एसपींना दिलेला अर्ज आणि त्याची पोच नसेल तर कोर्ट आधी तेच विचारतंय.

पंच म्हणून बोलावलं तर

हा एक वेगळाच प्रकार. तुम्ही टपरीवर चहा पीत असता आणि हवालदार येऊन म्हणतो, जरा सही करा, पंच म्हणून. पंचनामा म्हणजे जे तुमच्या डोळ्यासमोर घडलं, दिसलं, जप्त झालं त्याची नोंद. तेव्हा जागेवर गेल्याशिवाय, वस्तू बघितल्याशिवाय सही करायची नाही आणि कोऱ्या कागदावर तर अजिबातच नाही. उद्या कोर्टात शपथेवर तुम्हालाच सांगावं लागतंय की हे सगळं माझ्यासमोर झालं. दुसऱ्या बाजूनं हे पण खरं की झडतीला पंच म्हणून लेखी बोलावल्यावर विनाकारण नकार देणं हा गुन्हा आहे, म्हणून पळून जायचं नाही, नीट बघून, वाचून सही करायची. आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं पण बंधनकारक झालंय, मोबाईलवर केलं तरी चालतंय. ज्याच्या घराची झडती झाली त्याला जप्त मालाच्या यादीची कॉपी मिळते, ती मागून घ्या.

जबाबाचं पण सांगतो. पोलीस साक्षीदाराचा जबाब घेतात त्याच्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कायदाच तसं म्हणतो. फिर्यादीवर सही असते, पंचनाम्यावर असते, मॅजिस्ट्रेटसमोर दिलेल्या जबाबावर असते, पण तपासातल्या साध्या जबाबावर नाही. बाईमाणूस, १५ वर्षांखालचं पोर, ६० च्या वरचा माणूस, आजारी किंवा अपंग यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतंय. घरात आई, आजी साक्षीदार असतील तर हे नम्रपणे सांगा.

तुमच्यावरच गुन्हा झाला तर

पहिलं, पळून जाऊ नका आणि फोन बंद करू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची, हे कायद्यात आहे आणि २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं बजावून सांगितलंय. ही नोटीस आता कलम ३५(३) खाली येते. ती मिळाली की दिलेल्या तारखेला जायचं, वकील सोबत असेल तर बरं, आणि हजर राहिल्याची नोंद करून घ्यायची. नोटीस पाळणाऱ्याला त्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलिसांना लेखी कारण द्यावं लागतंय. व्हॉट्सॲपवर आलेली ३५ ची नोटीस ही रीतसर नोटीस नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये तसं सांगितलंय. आणि व्हिडिओ कॉलवर खाकी घालून बसलेला कुणी "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, पैसे भरा" म्हणत असेल तर तो चोर आहे, भारतात डिजिटल अरेस्ट नावाची कुठली अटकच नाही. फोन ठेवायचा, पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० ला कळवायचं.

अटक झालीच तर घरच्यांनी काय करायचं. अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायची असतात, त्याला कळणाऱ्या भाषेत. नातेवाईकाला किंवा मित्राला कळवायचं असतंय, अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा तिथल्या प्रतिष्ठित माणसाची सही असते. मेडिकल होतंय. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अगदी अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेतली तरच. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतंय, रविवार असो नाहीतर दिवाळी, सुट्टीच्या दिवशी पण एक मॅजिस्ट्रेट रिमांडला, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते ठरवायला असतोच. ठाण्यातनं एवढंच विचारून घ्या, गुन्हा नंबर काय, कलमं काय, अटक किती वाजता दाखवलीय, कोर्टात कधी नेणार. बाकी वकील बघतील. आरोपीला चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतंय, आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, राज्यघटनेच्या कलम २०(३) नं तो हक्क दिलाय. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण त्यातनं एखादी वस्तू सापडली, म्हणजे चाकू किंवा चोरीचे दागिने आरोपीनं काढून दिले, तर तेवढा भाग चालतो. हा फरक माहीत नसल्यामुळं "कबूल केलंय, आता काही उपयोग नाही" म्हणून घरचे हातपाय गाळतात.

रिमांडला मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, मारहाण झाली का. झाली असेल तर तिथंच सांगायचं, अंगावरचे वळ दाखवायचे, ते लिहून घेतलं जातंय आणि परत मेडिकलला पाठवतात. त्या वेळी गप्प बसून महिन्यानं सांगितलं तर कोण ऐकणार? मग आदेश होतो पीसीआर किंवा एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, तपासासाठी, एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही, नव्या कायद्यानं हे १५ दिवस तुकड्या-तुकड्यानं पण घेता येतात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आपल्याकडं बहुतेक कळंबा जेल. लोक "एमसीआर झाली" ऐकून रडायला लागतात, पण नेहमीच्या केसमध्ये एमसीआर झाली की जामिनाचा अर्ज पुढं सरकतो, म्हणजे ती एका अर्थानं पुढची पायरीच.

एक आणखी, गणपती किंवा निवडणूक जवळ आली की पोरांना नोटिसा येतात, त्याला चॅप्टर केस म्हणतात. ती शिक्षा नाही की गुन्हा नाही, शांतता राखायचा बॉण्ड द्यायला लावणारी प्रतिबंधक कारवाई आहे, ती तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर चालते. म्हणून दुर्लक्ष करू नका, हजर राहून बॉण्ड द्या किंवा लेखी म्हणणं द्या.

जामीन

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच मिळतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, तो द्यायचा का हे कोर्ट ठरवतंय एवढाच अर्थ. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन, तो सेशन्स कोर्टात किंवा हायकोर्टात, मॅजिस्ट्रेटकडं नाही. आणि तपास ठरलेल्या मुदतीत संपला नाही, चार्जशीट आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच तयार होतो. ही मुदत दहा वर्षं किंवा त्याहून जास्त, जन्मठेप, फाशी अशा गुन्ह्यांना ९० दिवस आणि बाकीच्यांना ६० दिवस. पण तो अर्ज चार्जशीट यायच्या आधी पडला पाहिजे, म्हणून जेलमधल्या माणसाच्या घरच्यांनी पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर लिहून दिवस मोजायचे.

ऑर्डर झाली म्हणजे माणूस सुटला असं नाही, जामीनदार लागतो. जामीनदाराचा सातबारा नाहीतर मिळकत पत्रक, घरफाळ्याची पावती, आधार, रेशनकार्ड, फोटो. काही वेळा कोर्ट तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतंय. शेतकरी पाव्हणा असेल तर सातबारा ताजा काढून आणायला सांगा, जुनी झेरॉक्स आणली की दिवस वाया जातो आणि पोरगं आणखी एक रात्र आत. जामीनदार जमत नसेल तर तात्पुरती रोख रक्कम भरायची परवानगी मागता येते, जातमुचलका, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच बॉण्डवर सुटका मागता येते. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका, खोटी कागदपत्रं निघाली की जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा. आणि जामीनदार होणाऱ्यानं पण समजून घ्या, आरोपी तारखेला आला नाही तर बॉण्डची रक्कम तुमच्याकडनं वसूल होते. मैत्रीत सही करायच्या आधी हा विचार करा.

जामीन मंजूर होऊन पण गरिबीमुळं माणूस आत राहिला तर सात दिवसांनी जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये ठरवून दिलंय. तुम्ही वाट बघू नका, स्वतः जा. प्राधिकरणाचं ऑफिस आपल्या जिल्हा कोर्टातच आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असा समज आहे, तो सोडून द्या, तिथं मन लावून केस चालवणारे वकील मी रोज बघतो.

चार्जशीट ते निकाल

तपास संपला की दोन गोष्टी होतात. पुरावा मिळाला तर दोषारोपपत्र म्हणजे चार्जशीट. नाहीतर समरी, आणि हे आपल्या महाराष्ट्रात ए, बी, सी अशा नावांनी चालतंय. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी समरी म्हणजे फिर्यादच जाणूनबुजून खोटी, सी समरी म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातनं दिलेली किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचं. समरी आली की कोर्टाकडनं फिर्यादीला नोटीस येते. ती नोटीस आली की घरात ठेवून देऊ नका. हजर राहून लेखी हरकत घेता येते आणि मॅजिस्ट्रेट पोलिसांचं म्हणणं नाकारून पुढं जाऊ शकतात. तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला स्वतःहून कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, कळवलं नाही तर विचारा.

चोरीची मोटारसायकल सापडली, किंवा ॲक्सिडेंटमधली गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडलीय, तर केसचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. मुद्देमाल परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करायचा, आरसी, इन्शुरन्स, आधार जोडायचं. २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालात सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की वाहनं ठाण्यात सडत ठेवू नका, पंचनामा-फोटो करून, बॉण्ड घेऊन द्या. गाडी मिळाली की ती कोर्टाच्या परवानगीशिवाय विकायची नाही, रंग बदलायचा नाही.

आता तारखेचा दिवस. तीन वर्षांपर्यंत शिक्षा मॅजिस्ट्रेट, आपण जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) म्हणतो ते देतात, खून, दरोडा असले गुन्हे सेशन्सला. आरसीसी नंबर म्हणजे मॅजिस्ट्रेटकडची पोलीस केस, एससीसी म्हणजे थोडक्यात चालणाऱ्या केसेस (वरची ए-बी-सी समरी वेगळी), चेक बाऊन्स वगैरे. ई-कोर्ट्स ॲपवर १६ अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, कुठल्या कोर्टात, मागच्या तारखेला काय झालं सगळं दिसतंय, तेवढ्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. सकाळी अकराच्या आत पोहोचा, कोर्टाबाहेरच्या बोर्डावर आपला नंबर बघा आणि दारापासून लांब जाऊ नका. पट्टेवाला पुकारा करतो, तीनदा नाव घेतो, चहाला गेलेल्या आरोपीचं वॉरंट निघालेलं मी बघितलंय. मोबाईल बंद. नाव पुकारलं की आत जाऊन उभं राहायचं, न्यायाधीशांना नमस्कार, विचारलं तेवढं बोलायचं. येणं शक्यच नसेल तर आधी वकिलांना सांगा, गैरहजेरीचा अर्ज देतात, डॉक्टरची चिठ्ठी असेल तर जोडतात. वॉरंट निघालं तर लपून बसू नका, स्वतःहून हजर होऊन रद्द करून घ्यायचा अर्ज द्यायचा.

आरोपीला चार्जशीटच्या कॉपी फुकट मिळतात, पानं मोजून घ्या. नंतर आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. कंटाळा आला म्हणून, दंड भरून मोकळं होऊ म्हणून कबूल करणारे असतात, विशेषतः तरुण पोरं. कबुली म्हणजे दोषसिद्धी, पोलीस व्हेरिफिकेशनला, भरतीला ती पुढं उभी राहते. वकिलांशी बोलल्याशिवाय कबूल म्हणू नका.

मग साक्षी. साक्षीदाराला समन्स येतं, ते फुकटचं झंझट समजू नका, तुमच्यामुळं एखाद्याला न्याय मिळणार असतो. आधी सरकारी वकिलांना भेटा. सरतपास सरकारी वकील घेतात, उलटतपास आरोपीचा वकील. उलटतपासाला घाबरायचं काही नाही, प्रश्न पूर्ण ऐका, आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, अंदाजानं आकडा ठोकू नका, चिडू नका. साक्ष टाईप झाली की वाचून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, चुकीचं आलं असेल तर तिथंच न्यायाधीशांना सांगा. जबाबापासून फिरलात की तुम्हाला फितूर जाहीर करतात, आणि शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कुणी दबाव टाकत असेल तर ते सरकारी वकिलांना आणि कोर्टाला सांगा, साक्षीदार संरक्षणाची तरतूद आहे.

पुरावा संपला की कोर्ट आरोपीला एकेक गोष्ट विचारतंय, याबद्दल तुझं काय म्हणणं आहे. शपथ नसते. मग युक्तिवाद, मग निकाल. आरोप वाजवी संशयाच्या पलीकडं सिद्ध झाला पाहिजे, म्हणून "संशयाचा फायदा" देऊन सुटका होते, त्याचा अर्थ फिर्यादी खोटा होता असा होत नाही. निकाल विरोधात गेला तर फिर्यादी पक्षाला, म्हणजे पीडिताला, स्वतःलाही अपील करता येतं, नुसतं सरकारवर अवलंबून राहायची गरज नाही.

शिक्षा झाली तर निकालाची कॉपी आरोपीला लगेच, फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय कोर्टातनं हलू नका. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्सला ३० दिवसांत अपील, सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात ६० दिवसांत. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि माणूस जामिनावर असेल तर त्याच कोर्टात अर्ज देऊन अपील करेपर्यंत जामीन मिळतो, म्हणून निकालाच्या दिवशी जामीनदाराला सातबारा घेऊन सोबतच आणा. आणि हायकोर्ट म्हटलं की आधी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास, मुंबईत मुक्काम, तिथला वकील, असं सगळं असायचं, गरीब माणूस तिथंच हार मानायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचंच इथं बसणारं कोर्ट, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहा जिल्ह्यांसाठी. चाळीसेक वर्षं वकिलांनी, लोकांनी आंदोलनं करून ते मिळवलंय. तेव्हा अपिलाचं "बघू पुढं" करत बसू नका, निकालाच्या आठवड्यातच कागद घेऊन वकिलांकडं जा, निकालाची नक्कल (कोर्टाच्या सही-शिक्क्याची कॉपी) लागणार असेल तर अर्ज त्याच दिवशी टाका, नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतनं वजा होतात पण अर्ज टाकायच्या आधीचे होत नाहीत.